उजवी बाजू उघडी

देठ तिरपा कापला होता. टोकाशी पाण्याचा थेंब – आणि संघरत्ना तिथेच थांबली, कारण तिचा नवरा देठ सरळ कापतो, जुडीच्या जुडी, खाटकन... आणि हा निशिगंध एकटाच डावीकडे कललेला, पायाशी एक कमळ, उजवी बाजू उघडी. मुरबाडच्या हॉलात, बुद्धमूर्तीसमोरच्या टेबलावर, सजावटीचं काम त्यांचं, लग्न तोंडावर आलेलं – आणि उघडी!

फुलांतला हात ओळखता येतो, अक्षरासारखा. सासूबाईंचा हात – गोजाबाई झावळ्या वाकवून, आंब्याचे टहाळे खोचून मांडव असा दाट करायच्या की आत ऊन शिरू नये. मग थर्माकोलचे मोर आले, मग कापडी गुलाब. दाटी तीच राहिली. त्या दाटीत आपला हात कुठे संपतो आणि नवऱ्याचा, रत्नदीपचा, कुठे सुरू होतो, हे तिला सांगता आलं नसतं.

मग हा हात कुणाचा?

मेघाचा. डोळखांबची मेघा, उन्हाळ्यात कामाला लागलेली, ठाण्याला फुलांच्या मांडणीचा क्लास केलेली. मला वाटलंच होतं – टेम्पोत तिची जागा पुढे रत्नदीपशेजारी, माझी मागे फुलांबरोबर. परवा दोघं हसत होती, मी गेले तर गप्प...

"मेघा, ह्ये तुझं काम ना गो?"

मेघा शिडीवरून हसली. "माझं? नाय ओ वहिनी! मी तर बोलले, लोक बोलतील, फुलं संपली काय यांची. दादांनीच केलंय. सकाळधरनं कुणाला हात लावू देत नाय."

खोटं. खोटंच असणार. त्याला हे कुठून सुचणार? इतक्या वर्षांत कधी... पण होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, शहापूरच्या एका साखरपुड्याला त्यानं एकच फांदी ठेवली होती, आणि तिनं हसत हसत भोवती झेंडू भरला होता. पुढेही एकदा. मग त्यानं तशी फांदी ठेवणंच सोडलं.

ती ओंजळभर झेंडू घेऊन टेबलाशी आली, तर रत्नदीप मागे उभा. रागावला नव्हता. रागावला असता तर –

"भर, संघा," तो म्हणाला, अगदी मऊ आवाजात. "तू भरतेसच."

ओंजळ हवेतच राहिली. बाहेर वऱ्हाडाची गाडी लागली, कुणीतरी तिला हाक मारली. हे मेघाचंच असतं तर... तिला वाटून गेलं, आणि असं वाटलं याचीच भीती वाटली – मेघाचं असतं तर किती सोपं झालं असतं.