फडक्याला शून्य

थोरलीचं डोकं फिरलं होतं. ते एकदा फिरलं की लवकर जागेवर येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि बस डेपोतही, जिथं ती वीस वर्षं तिकिटांच्या खिडकीवर बसत आली होती. पण आज कारणही तसंच होतं. हॉस्पिटलच्या कपड्यांच्या कोठीत एकतीस वर्षं काढलेल्या तिच्या आईला एका मुलीनं फडकं ओळखता येत नाही म्हणून नापास केलं होतं.

झालं होतं ते असं. दीड महिन्यापूर्वी आई न्हाणीत पाय घसरून पडली आणि डोक्याला मार बसला. जखम भरली, पण धाकट्या भावानं धोशा लावला की आता हिला एकटीला ठेवायचं नाही. वृद्धाश्रमात जागा मिळतेय, फॉर्म आणलाय, आपण दोघांनी सह्या करून मोकळं होऊ. आईचं म्हणणं एकच, मला माझ्या घरी जायचंय. दोन खोल्यांचं घर, तेही तिच्या स्वतःच्या कमाईचं. पण पडल्या दिवसापासून ती धाकट्याकडे आणि घराची किल्ली त्याच्या खिशात. रोजची वादावादी. शेवटी असं ठरलं की डॉक्टरांकडे स्मरणशक्तीची परीक्षा घ्यायची. तीसपैकी चोवीस गुण पडले तर आई तिच्या घरी, नाहीतर वृद्धाश्रम.

आईला तेवीस पडले.

तारीख तिनं बरोबर सांगितली, वार सांगितला. शंभरातून सात-सात वजा करत झरझर खाली आली. चित्रांतली कात्री ओळखली, छत्री ओळखली. परीक्षा घेणारी मुलगी पंचविशीतली, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. तिनं पुढचं चित्र समोर धरलं. पांढरं चौकोनी कापड, एक कोपरा दुमडलेला.

"आजी, हे काय आहे?"

"कशाचं?" आईनं विचारलं.

"म्हणजे?"

"कशाला घेतलंय ते?"

"ते नाही सांगता येत. तुम्ही फक्त नाव सांगा."

"काम कळल्याशिवाय नाव कसं सांगू, बाळ? तान्ह्या पोराखाली घातलं असेल तर दुपटं. पातेल्यावर बांधलं असेल तर गाळणं. टेबलावरून फिरवलं तर पुसणं, जमिनीवरून फिरवलं की पोतेरं. मोरीच्या तोंडात कोंबलं तर बोळा. फाडून बोटाला गुंडाळलं तर चिंधी. हे तर घडी घालून ठेवलंय. अजून कामालाच लागलेलं नाही."

मुलगी मान हलवत कागदावर लिहीत होती. मागच्या खुर्चीवर, धाकट्याशेजारी, थोरली गालात हसत बसली होती, की वा, पोरीला चांगलाच धडा मिळाला. निकाल हातात आला तेव्हा ते हसू पार मावळलं. त्या चित्रापुढं लिहिलं होतं: नेमका शब्द आठवत नाही, एकाच वस्तूला सहा नावं, विचारांत गोंधळ, गुण शून्य.

"उत्तर काय होतं याचं?" थोरलीनं विचारलं.

"फडकं. रुमालही चालतो. दोनच उत्तरं धरतो आम्ही."

"आणि सहा येत असतील तर?"

"ताई, कागदावर जी आहेत तीच मला धरावी लागतात."

झालं. थोरलीचा तोल सुटला. आईच्या कोठीत एकदा नव्यानं लागलेल्या बाईनं खिडकीवर येऊन नुसतं 'फडकं द्या' म्हणून मागितलं होतं. जमीन पुसायचं कापड बाळंतिणींच्या खाटांपर्यंत पोचलं आणि दोन तान्ही पोरं आठवडाभर तापानं फणफणली. त्या दिवसापासून आईनं खिडकीवर नियम लावला: आधी काम सांगा, मग कापड मिळेल. फडकं हा शब्द त्या खोलीत बंद झाला तो कायमचाच. मोठे डॉक्टर आले तरी आई तोंड वर करून विचारायची, कशाचं? घरीसुद्धा तेच. लहानपणी थोरलीनं चुकून फडकं मागितलं तर पाठीत धपाटा बसायचा. हे सगळं तिनं त्या मुलीला उभ्या उभ्या, आवाज चढवून सुनावलं. बाहेर बाकावर बसलेली माणसं दारातून डोकावायला लागली.

"तुम्हाला एक नाव येतं म्हणून तुम्ही हुशार, आणि तिला सहा येतात म्हणून ती वेडी? हा कुठला न्याय?"

मुलीचा चेहरा पडला. "मला पटतंय ताई. पण आता तीन महिन्यांनीच परत परीक्षा घेता येईल."

"तीन महिने तिथली जागा थांबणार नाही," धाकटा म्हणाला, आणि खिशातून फॉर्म काढून त्यानं टेबलावर सरळ केला. "तूच म्हणाली होतीस ना, निकाल मान्य करायचा. कर मग सही."

"तू गप्प बस. शेंबडा होतास तेव्हा तुझं नाक कशानं पुसलं ते विचार तिला. त्याचंही वेगळं नाव सांगेल ती. आणि तू तिला गोंधळलेली म्हणतोस? लाज कशी वाटत नाही?"

"मी नाही म्हटलं. कागद म्हणतोय."

थोरली त्याच्यावर आणखी तोंड टाकणार, एवढ्यात इतका वेळ पर्स मांडीवर घेऊन बसलेली आई बोलली. आवाज अगदी साधा.

"ही परीक्षा काढली कुणी डोक्यातून?"

धाकट्यानं सांगून टाकलं. "ताईनं."

"हो ना गं?"

थोरलीला खोटं बोलता आलं नाही. भावाला तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे उद्या आई पुन्हा पडली तर दोष आपल्या माथी, आणि हो म्हणायचं तर आईच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा? म्हणून तिनंच ही पळवाट काढली होती. आई सहज पास होईल, आणि आपल्याला काही बोलायलाच लागणार नाही.

"हो," ती म्हणाली.

"मग या पोरीवर कशाला ओरडतेस? तिनं मला आज पहिल्यांदा पाहिलं."

आतापर्यंत थोरलीच्या रागाला कुणी ना कुणी सापडत होतं. आता कुणी उरलं नाही. तिनं टेबलावरचा फॉर्म उचलून कोराच धाकट्याच्या हातात कोंबला.

"माझी सही मिळणार नाही. किल्ली काढ."

"आणि पडली म्हणजे?"

"पडली तर मला फोन येईल. किल्ली काढ म्हणतेय ना."

त्यानं काढली, पण ती घ्यायला हात आईनं पुढं केला. वाटेत धाकट्याकडून तिच्या कपड्यांची पिशवी घेतली; रिक्षात ती किल्ली मुठीत धरून बसली. घरापाशी आल्यावर थोरलीनं पिशवी उचलली आणि जिन्यात आईचा दंड धरायला गेली. आईनं तो सोडवून घेतला. कठडा धरत, दर पायरीवर थांबत ती वर चढली. कुलूप पहिल्या झटक्यात उघडलं. तिनं दारातच पिशवी मागून घेतली आणि आत ठेवली.

"मी येते ना आत. झाडून देते, दीड महिन्याची धूळ असेल," थोरली म्हणाली.

"आज नको," आई म्हणाली. "मी फोन करीन तेव्हा ये."

तिनं दार लावलं आणि आतून कडी घातली.