खिडकी कुठल्या हाताला

पांढरा

डोळा पांढऱ्यापासून सुरू होतो.

महिपतीने पेणच्या गणपतीच्या कारखान्यात बेचाळीस वर्षं नुसते डोळे आखले. माती कोणी कालवायची, साचा कोणी भरायचा, पितांबर आणि शेला बायकांनी रंगवायचा. त्या बायकांत त्याची रंभाही. डोळे मात्र महिपतीचे. आधी पांढरा. मग तपकिरी. मग काळी बाहुली. मग पापणीची रेघ, श्वास रोखून. सगळं वाळलं की शेवटी बाहुलीच्या कडेला पांढरा ठिपका, मोहरीहून बारीक. ठिपका पडेपर्यंत मूर्तीचं तोंड तुमच्याकडे असतं, पण ती बघत नसते.

आषाढातल्या एका दुपारी महिपती गेला. डोळे न्यायला दोन माणसं आली, हातमोजे घालून, अगदी अदबीने. त्यांनी आत कापूस ठेवला आणि पापण्या मिटवल्या. वरून काही कळत नव्हतं.

रंभाला कळत होतं. आत पांढरा. पुढचे रंग नाहीत.


तपकिरी

(नेत्रदानाच्या अर्जाचा कागद तपकिरी होता. छापलेलं तसंच ठेवलं आहे.)

मृत्यूची वेळ?
साडेबारा. भात उतरवला होता. वाढायचा राहिला.

संमती देणाऱ्याचे मृताशी नाते?
बायको.

मृताने हयातीत तशी इच्छा व्यक्त केली होती काय?
व्हय. त्यांनीच. लेकीनं कागद आणला, ह्यांनी सही केली. मला विचारलं नाय.

आपली काही हरकत आहे काय?
(ही जागा कोरी आहे.)

सही.
रंभाने केली. महिपतीच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती, आणि वाद घालायला तो उठणार नव्हता.

अर्जात नसलेला प्रश्न: डोळे देऊन गेलेला माणूस पुढच्या जन्मी आंधळा आला तर? हजारो गणपतींना नजर देणारा माणूस चाचपडत आला तर? मला ओळखणार कसा?


काळा

लेक मैना रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. नोकरी लागली त्या वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत ती बापाशेजारी बसून त्याचा हात बघत होती.

"बाबा, हा ठिपका खरं तर बाहुलीवर नसतो."

"मग काय कपाळावर असतो?"

"बाहुलीच्या पुढे काचेसारखा पडदा असतो. कॉर्निया. समोरच्या खिडकीचा उजेड त्याच्यावर चमकतो. तुम्ही तोच काढता."

महिपतीने कुंचला खाली ठेवला. रंभाला हाक मारून खिडकीसमोर बसवलं आणि तिच्या डोळ्यांत इतका वेळ बघत राहिला की ती लाजली.

"काय चाललंय? लेक हाय समोर."

"खिडकी हाय गो तुझ्या डोळ्यात. गजासकट."

त्या दिवसापासून तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारू लागला, गणपती बसवता तिथं खिडकी कुठल्या हाताला? मग त्या बाजूला ठिपका. लोक हसायचे. मालकही म्हणाला, महिपती, उद्या पंखा कुठं हाय तेपण विचार.

नेत्रदानाचा कागद त्याने त्याच सुट्टीत भरला. "जन्मभर काचच रंगवली की मी. माझी कशाला जाळायची?"

रंभा तेव्हा चिडली होती. "देवाला डोळं देणारा माणूस, आणि देवाघरी आंधळा जाणार?"

"देवात प्राण भटजी आणतो गो. मी नुसता उजेड ठेवतो."

बाराव्यानंतर मायलेकीत हेच पुन्हा निघालं.

"आये, पुढचा जन्म वगैरे काही नसतं."

"नसलं तर नसलं. पण असला तर?"

मैना वर्गात कुठल्याही प्रश्नाला उत्तर द्यायची. इथे ती ताटं उचलून मोरीकडे गेली.

पुढे नेत्रपेढीचं पत्र आलं. आभारी आहोत. दोन व्यक्तींना दृष्टी मिळाली. नावं कळवता येत नाहीत. रंभाने ते लेकीकडून तीनदा वाचून घेतलं. दोन व्यक्ती. म्हणजे एक डोळा एका गावात, दुसरा दुसऱ्यात. आत्ता, ह्या घटकेला, ते काहीतरी बघत असतील. काय बघत असतील?

कारखान्याच्या फळीवर हातभर उंचीची एक मूर्ती राहिली होती. पांढरा झाला होता, तपकिरी, काळा, रेघही झाली होती. ठिपके नव्हते. त्या दुपारी तो जेवायला म्हणून उठला तो ती अशीच ठेवून. मालकाने विचारलं, नव्या आखणीवाल्याकडे देऊ?

"कोणी हात लावू नका."

तिने मनाशी ठरवलं होतं. ज्याच्याकडे ती काच आहे, त्यानेच हे ठिपके ठेवायचे. म्हणजे महिपतीचं काम महिपतीच्या नजरेखाली पुरं होईल. म्हणजे तो आंधळा नाही हे तिला कळेल. बाकी तिला काही नको होतं.


रेघ

मैना फोनवर सहज बोलून गेली, रोह्यातल्या शेजारच्या अनीसाभाभींचं पनवेलला डोळ्याचं ऑपरेशन झालं.

"कधी?"

"बाबा गेले त्याच आठवड्यात. का गो?"

"कुठला डोळा?"

"उजवा."

दुसऱ्या दिवशी रंभा दिवा-रोहा गाडीत बसली होती. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली मूर्ती, पिशवीत बारीक कुंचला आणि पांढऱ्या रंगाची बाटली. कासू गेलं, नागोठणं गेलं, निडी गेलं. समोरच्या बाईने विचारलं, बाळ हाय का? रंभा म्हणाली, नाय, डोळं हायत.

मैना शाळेत होती. बरंच झालं. रंभा थेट शेजारच्या दारात गेली.

"या या, मैनाच्या आई! उन्हाच्या आलात. चाय ठेवते."

"चाय मागून. डोळा बघू द्या आधी."

"आँ?"

"तुमचा. उजवा."

अनीसाने काळा चष्मा काढला. "बघा. डॉक्टर बघतो, सून बघते, रिक्षावाल्याने पण बघितला. तिकीट लावायला पायजे होतं मी."

रंभा तिच्यासमोर बसली. गुडघ्याला गुडघा लागला. म्हाताऱ्या तांबूस डोळ्यात, बाहुलीच्या कडेला उजेडाचा एक चौकोन होता, अंगणाकडच्या खिडकीचा. आठ आठवड्यांत इतक्या जवळून तिने कुणाच्याच डोळ्यांत बघितलं नव्हतं. इतके दिवस जमवून ठेवलेलं सगळं विसरलं आणि तोंडातून भलतंच आलं.

"जेवलात?"

"जेवले ना. बांगडा होता," अनीसा म्हणाली. मग तिला रंभाचा चेहरा दिसला. "तुम्ही कोणाशी बोलताय गो?"

रंभाने सांगितलं. कापूस, अर्ज, पत्र, सगळं. शेवटी उठून अनीसाने कपाटातून एक कार्ड आणलं.

"हे बघा. मोतीबिंदू होता माझा. आतलं भिंग काढलं, प्लास्टिकचं बसवलं. कंपनीचं. कोणाच्या घरातलं नाय."

"नक्की?"

"नंबर पण हाय त्याच्यावर."

रंभा मग तिच्या डाव्या डोळ्यात वाकून बघू लागली. त्याला कुणी हात लावला नव्हता. त्यातही चौकोन होता, त्याच बाजूला. ती मागे सरली.

"आमचे महमूद कुवेतला गेले," अनीसा म्हणाली, "आणि तिथंच मातीत गेले. शेवटचं तोंड नाय बघितलं मी. त्यांचं नख जरी कोणाकडे हाय असं कळलं असतं ना, तर मी पण अशीच दारोदार हिंडले असते. आता चाय घ्या."

चहा झाला. रंभाने मूर्तीवरचं वर्तमानपत्र सोडलं.

"ठिपके तुमच्या हातून ठेवायचे होते."

"माझ्या? नको गो बाय. आमच्यात नाय चालत, आणि तुमच्यातला पण एखादा बोलेल. बघायला काय, बघते की." तिने मान तिरकी करून समोरून बघितलं, मग वळसा घालून मागून. "नवीन डोळ्याने आता मुंगी पण दिसते मला. हे मागं बैठकीवर काय लिवलंय?"

"नंबर असेल कारखान्याचा. मला जवळचं दिसत नाय."

"नंबर नाय. पेन्सिल हाय, फिकी. 'पोपट. निडी.' आणि खाली..." अनीसा आणखी वाकली. "'खिडकी'. आणि प्रश्नाचं चिन्ह."

रंभाचा हात तोंडाशी गेला.

पोपट निडीचा. दरवर्षीचं गिऱ्हाईक. जुन्या घरात त्याची खिडकी डावीकडे होती. यंदा त्याने घर नवीन बांधलं. म्हणजे त्या दुपारी ठिपके राहिले ते मरणामुळे नाही. महिपती उत्तराची वाट बघत थांबला होता.

"मग विचारा ना त्याला," अनीसा म्हणाली.


ठिपका

चतुर्थीच्या आदल्या सकाळी पोपट कारखान्यात आला. डोक्यावर टोपी, हातात पाट.

"काकी, काका गेल्याचं कळलं, यायला नाय जमलं. गणपती झाला का आमचा?"

"नवीन घरात खिडकी कुठल्या हाताला?"

"माझ्या का गणपतीच्या?"

"गणपतीच्या."

पोपटला ते तोंडी सांगता येईना. तो मधोमध भिंतीला पाठ लावून उभा राहिला, गणपती बसतो तसा पोट पुढे काढून, आणि त्याने हात उचलला. "ही इकडं. उजव्या." रंगवणाऱ्या बायका हसल्या.

महिपतीची पत्र्याची पेटी रंभाने आषाढापासून उघडली नव्हती. तिने त्यातून त्याचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि घातला. कानांना सैल होता. पण कुंचल्याचं टोक दिसू लागलं, केस न् केस.

तिने श्वास रोखला. एक. मग दुसरा, त्याच बाजूला.

मूर्ती बघू लागली. तिच्याकडे नव्हे, तिच्या खांद्यावरून पलीकडे, कुठेतरी दोन गावांत दोन माणसं आपापलं काम करत असतील तिकडे. रंभाने मागे वळून पाहिलं. मागे रंगाचे डबे होते.

पोपटने पाटावर मूर्ती घेतली, तोंडावर रुमाल टाकला, मोरया म्हटलं. तो दारापर्यंत गेला तेव्हा तिने हाक मारली. चष्मा अजून डोळ्यांवरच होता, त्यातून पोपट पुसट दिसत होता.

"पोपट, रुमाल काढलास की खिडकी उघडी ठेव रे. ह्यांनी विचारून ठेवलीय."