हद्दीपलीकडचं नेट

जिल्ह्यात कुठंतरी दगडफेक झाली आणि परळीत नेट बंद झालं. पहिला दिवस मी कसातरी काढला. दुसऱ्या दिवशी हात उगाचच खिशात जाऊ लागला. फोन काढायचा, बघायचा, परत ठेवायचा. दुकानात गिऱ्हाईक साखर मागायचं आणि मी तूरडाळ जोखायचो. बेचाळीस वर्षांचा बाप्या मी, पण जीव नुसता वर-खाली होत होता. जगात काहीतरी चाललंय आणि ते आपल्याला कळत नाही, एवढीच ती भीती. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

घरात माझे वडील, अप्पा, आजारी होते. दमा जुनाच, त्या आठवड्यात मात्र अंथरुणाला खिळले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला जवळ बसवलं आणि आज कुठं जाऊ नकोस म्हणाले. मी हो म्हणालो. तासाभरानं शेजारचा भारत मोटारसायकल घेऊन आला. परभणी जिल्ह्याची हद्द ओलांडली की नेट चालू आहे, म्हणाला. अर्ध्या तासाचा रस्ता. अप्पांचं औषध आणतो असं आईला सांगून मी निघालो.

हद्दीच्या पाटीपुढं, चहाच्या टपरीवर जत्रा भरलेली. सगळी आमच्याच जिल्ह्याची माणसं, गाड्यांवर, दगडांवर, माना खाली घालून बसलेली. कोणी कुणाशी बोलत नव्हतं. माझा फोन वाजायला लागला आणि जिवात जीव आला. तीन दिवसांचे मेसेज, लग्नाचे फोटो, व्हिडिओ. मध्येच आईचा फोन आला. माझ्या फोनवर कॉल घेतला की नेट तुटतं, आणि एक व्हिडिओ अर्धा उतरला होता. औषधाचं विचारत असेल, म्हणून कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदाही.

थोड्या वेळानं पाहुण्यांच्या ग्रुपवर पुण्याच्या मावशीचा मेसेज पडला. परळीचे मन्मथप्पा लिंगैक्य झाले. त्याखाली जोडलेले हात आणि श्रद्धांजली. कोणीतरी लिहिलं होतं, संगमेश्वर, धीर धर. माझा अंगठा सवयीनं मेसेज वर सरकवत राहिला. आणखी दोन मेसेज वाचून झाल्यावर कळलं, की धीर मला धरायचा आहे.

घरी पोचलो तेव्हा आमच्या लिंगायत रीतीप्रमाणं अप्पांचा देह भिंतीशी बसवून कपाळाला विभूती लावली होती. अंत्यविधीसाठी जंगम येऊन बसले होते. कोणी मला काही विचारलं नाही. मीच आईपुढं बसलो आणि रस्त्यात रेंज नव्हती म्हणालो. बाप समोर बसलेला असताना मी खोटं बोललो.



"रेंज व्हती की. रिंग वाजत व्हती," आई म्हणाली. "तिसऱ्या वेळी त्येंनीच फोन कानाला धरलता. कट झाला तरी सोडंनात. मला म्हनले, गप बस, संगू बोलंल आता."