देव्हाऱ्यातला पंप

मित्रांनो, मी एक जुना, आग विझवणारा पंप आहे. पण हे आता मला एकट्यालाच ठाऊक आहे. गाव मला देव म्हणते.

समुद्रकाठच्या एका ग्रीक बंदरात माझा जन्म झाला. काशाच्या दोन नळ्या, त्यांत वरखाली होणारे दोन दट्टे आणि वर एक आडवा दांडा, एवढा माझा देह. मला पाण्याच्या हौदात उभे करून दोघांनी दांडा मारला की माझ्या तोंडातून निघालेली धार थेट छपरावर जाऊन पडायची. बंदरात शिडे, दोर आणि डांबर यांची कोठारे, त्यामुळे आग ही नेहमीचीच पाहुणी. मला ओढत आणताना पोरे ओरडत, "सरका, सरका, काशाचा हत्ती आला!" खोटे कशाला सांगू, मला ते फार आवडायचे.

मला दोन घराण्यांनी घडवले. दट्टे घासून बसवायचे काम क्लीटसच्या घराण्याचे. आतल्या झडपांचे चामडे कमवायचे ते डेक्सिऑनच्या. झडपेने पाणी पुढे जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे नाही. म्हणून तिचे चामडे पाण्यात कुजता कामा नये आणि उन्हाळ्यात कडकही होता कामा नये. हे कसे साधायचे ते डेक्सिऑनला माहीत होते, आणि तो कुणालाही सांगत नसे.

दरवर्षी अग्निदेवाच्या सणाआधी मला उघडून साफ करत. एक जण काम करी, तेव्हा दुसरा डोक्यावरून वस्त्र ओढून भिंतीकडे तोंड करून बसे.

"चोरून बघतोयस, क्लीटस!"

"बघतोय कसला? तुझ्या चामड्याच्या वासानंच डोळे मिटलेत!"

सगळे हसत. मीही मनात हसे. आज त्या हसण्याची चीड येते.

डेक्सिऑनला मुलगा नव्हता. थिआनो ही एकुलती एक लेक, आणि तिचे लग्न ठरले होते क्लीटसच्या मुलाशी. म्हातारा खोकून खोकून अर्धा झाला, तेव्हा ती त्याच्या पायाशी बसली.

"बाबा, आता तरी सांगा. चामड्याला काय लावता?"

"तुला सांगितलं की क्लीटसच्या घरात गेलंच म्हणून समज. हुंड्यात एवढं मोठं दान मी देणार नाही."

"मग कुणाला सांगणार? भिंतीला?"

"भिंत लग्न करून जात नाही, पोरी."

त्याच हिवाळ्यात तो गेला आणि विद्या त्याच्याबरोबर चितेवर गेली. मित्रांनो, लोक म्हणतात, युद्धांनी विद्या बुडाल्या. बुडाल्या असतील. माझी मात्र एका म्हाताऱ्याच्या हट्टाने बुडाली.

जुन्या झडपा थोडे दिवस चालल्या, मग तडकल्या. एका उन्हाळ्यात शिडांचे कोठार पेटले. दांड्यावर थिआनोचा नवरा होता. तो जीव खाऊन दांडा मारत होता, आणि मी पाणी वर ओढून परत हौदातच सोडत होतो. "सोड तो दांडा, पळ!" लोक ओरडले. त्याने सोडला नाही. छप्पर त्याच्यावर कोसळले.

राख निवल्यावर लोकांनी मला पाहिले. आजूबाजूचे सारे जळाले होते, मी तेवढा शाबूत होतो. "देवाने राखलं!" गाव म्हणाले. अरे, मी पाण्यात उभा होतो, जळणार कसा? पण विचारतो कोण! वाजतगाजत मला अग्निदेवाच्या देवळात नेले. पुढे क्लीटसची नातवंडे आरसे आणि दिवे करू लागली. दट्टा कसा बसवतात हेही ती विसरली.

थिआनो विसरली नाही. माशाचे तेल, मेण, अंजिराचा चीक, जनावराची चरबी, जे हाती येईल ते ती चामड्याला चोळून बघे. शेजारीण भिंतीवरून ओरडे, "काय शिजतंय गं थिआनो? अख्खी आळी मारायचा बेत आहे का?" केस पांढरे झाले तेव्हा कुठे तिला ते साधले. पाण्यात कुजेना, उन्हात तडकेना असे चामडे घेऊन ती देवळात आली.

पुजाऱ्याने तिला वाटेतच अडवले. "आजी, देवाला हात लावायचा नाही."

"अरे, हा देव नाही, पंप आहे! माझा नवरा ह्याच्या दांड्यावर गेला. मला झडप बसवू दे. मी शिकवीन, जो येईल त्याला शिकवीन. बाबांसारखं नाही करायची."

"आजी, गावाची श्रद्धा आहे हो. ते चामडं ठेवा तिथं, नैवेद्याशेजारी."

 ती चामड्याची झडप माझ्या पायाशी ठेवून निघून गेली. सकाळी झाडणाऱ्याने ती सुकलेल्या हारांबरोबर उकिरड्यावर टाकली. थिआनो परत आली नाही.

आणि आज बंदराकडून पुन्हा धूर येतो आहे. सारे गाव धावत सुटले आहे, पण हौदाकडे नाही, माझ्याकडे. हातांत हार आहेत, मध आहे. "वाचव, देवा!" म्हणून बायका कपाळ आपटत आहेत. माझ्या नळ्यांत थेंबभर पाणी नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे काही विद्या असेल तर ती मागणाऱ्याला द्या. आणि माझ्यासारखा कुणी देव्हाऱ्यात बसवलेला दिसला, तर त्याला हार घालू नका. त्याला उघडा.