भिंतीवरची मेथी

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. माझी उमेदीची वर्षं चाकणच्या एका कंपनीत गेली. नवे कामगार आले की हेल्मेट कसं घालावं, चालू यंत्रात हात का घालू नये, हे मी त्यांना दाखवायचो. जेवणानंतरच्या वर्गात निम्मे जण डुलक्या घ्यायचे, तरी मी मन लावून काम करायचो. पुढे तिथे मोठा टीव्ही आला आणि माझी रवानगी कपाटात झाली.

मी भंगारात जाणार होतो, पण योगिनीताईंनी मला मागून घेतलं. त्या त्याच कंपनीत इंजिनिअर, राहायला निगडीला. कँटीनमध्ये रोज बादल्या भरून टाकलं जाणारं अन्न पाहून त्यांचा जीव तुटायचा. आपलं अन्न येतं कुठून आणि ते पिकवणारी जमीन कशी टिकेल, हे सांगणारे माहितीपट सोसायटीत दाखवायचं त्यांनी मनावर घेतलं.

पहिला खेळ साफ पडला. माहितीपट परदेशातल्या अवाढव्य शेतांचा होता. लोक आले, वडापाव खाऊन गेले. सोसायटीचे अध्यक्ष यशवंतराव तेवढे शेवटपर्यंत बसले. ते म्हणाले, "ताई, विषय चांगला आहे, पण आपला वाटत नाही."

ताईंना ते पटलं. मोबाइल घेऊन त्या चिखलीला कौशल्याबाईंच्या शेतावर गेल्या. चहूबाजूंनी इमारती आणि मधे बाईंचा भाजीचा तुकडा. बाईंचा मुलगा सदाशिव याचा ट्रकचा धंदा होता. भाजीत काही सुटत नाही, म्हणून तिथे मुरूम टाकून ट्रक लावायचं त्याने ठरवलं होतं. ताईंनी ते सगळं चित्रित केलं आणि मायलेकांना खेळाला बोलावलं.

त्या संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमधल्या भिंतीवर मेथी डोलू लागली. लहान मुलं उठून तिला हात लावू लागली. पहिल्या रांगेत बसलेल्या कौशल्याबाई पदराआडून स्वतःलाच पाहून हसत होत्या. ऐन रंगात मी मात्र बंद पडलो. माझी हवा खेळवणारी जाळी धुळीने बुजली होती आणि मी तापलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंधारात खुर्च्या सरकू लागल्या. तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या. "बसा, म्होरलं मी सांगते. आमची भाजी पहाटं मार्केटात जाती. तिथनं धा जणांच्या हातातनं फिरून तुमच्याच चौकात येती. तवर पार कोमेजून जाती."

"मग आम्हाला थेट का नाही देत, आजी?" तिसऱ्या मजल्यावरच्या पूनमने विचारलं.

"तुमी कवा मागितलीच न्हाई."

सगळे हसले. सदाशिव हसला नाही. तो मागून म्हणाला, "आज हौसेनं घ्याल, पुढच्या महिन्यात विसराल. आमी कुणाच्या भरवशावर पेरायचं?"

"विसरलो तर खुशाल मुरूम टाका," यशवंतराव म्हणाले. "तोवर दर रविवारी टेम्पो इथे आणा. आमचा ओला कचराही खताला घेऊन जा."

सदाशिवने आईकडे पाहिलं. त्या त्याच्याकडेच पाहत होत्या. "हा हंगाम बघू," तो म्हणाला.

तो हंगाम सरला, नंतरचाही. टेम्पो अजून येतो. पावसात लोक छत्र्या घेऊन रांगेत उभे राहतात. कंपनीच्या कँटीनमध्येही ताईंनी मला नेलं. आता तिथे बादल्या पूर्वीइतक्या भरत नाहीत. ताई माझी जाळी आठवणीने पुसतात, मीही सहसा दगा देत नाही.

तरी माझा दिवा आता मंदावत चाललाय, मित्रांनो. म्हणून एवढं सांगतो. जुनी वस्तू टाकण्याआधी तिची धूळ पुसून बघा. ताटात लागेल तेवढंच वाढून घ्या. आणि तुमची भाजी पिकवणाऱ्या माणसाला एकदा तरी भेटून या. भिंतीवर मी मेथी दाखवू शकतो, पण तिचा वास घ्यायला तुम्हाला शेतातच जावं लागेल.