चित्र यायच्या आधी

सासूबाईंना झटका आला तेव्हा हातपाय वाचले, पण शब्द गेले. समज शाबूत होती. माणसं ओळखायच्या, चहा गार असला तर कप बाजूला सारायच्या. तोंडातून मात्र एकच शब्द निघायचा, "नाही". बोलण्याचे व्यायाम घेणारी बाई अधूनमधून यायची. ती म्हणाली, "चित्र दाखवायचं, शब्द ऐकवायचा आणि म्हणून घ्यायचा. रोज. कंटाळा करायचा नाही." एवढं ऐकलं आणि जावयाच्या अंगात वारं शिरलं.

कारण जावई प्रोग्रामर. लहान मुलांसाठी बोलकी पुस्तकं बनवणाऱ्या कंपनीत कामाला. चित्र हलवायचं, आवाज वाजवायचा, हा त्याचा डाव्या हातचा मळ. झटका आल्या दिवसापासून सासूबाई जावयाच्याच घरी, मागच्या खोलीत होत्या आणि त्यांचं सगळं त्याची बायको करत होती. आपण नुसते औषधं आणून देणारे, हे त्याला टोचत होतंच. आता कुठे हात दाखवायची संधी आली.

टॅबलेटवर हा व्यायाम व्हावा म्हणून त्याने घरातल्या वस्तूंचे फोटो काढले. बादली, चमचा, खिडकी, चप्पल, दिवा असं करत शेवटी माणसं. मेहुणा म्हणजे दादा, बायको म्हणजे बेबी, आणि सगळ्यात शेवटी स्वतः, जावई. शब्द बेबीच्या आवाजात भरले, म्हणजे आईला ओळखीचा आवाज कानावर पडेल. फोटो चांगले भलेमोठे ठेवले, आईंना बारीक दिसायला नको म्हणून. ते दूर कुठल्या तरी सर्व्हरवर चढवले, आणि प्रत्येक वेळी तिथून नव्याने मागवायचे अशी सोय केली.

बाहेरून येणारी गोष्ट आपल्या वेळेने येते. म्हणून प्रोग्रामला सांगून ठेवावं लागतं की चित्र पूर्ण आल्याची वर्दी मिळू दे, मगच आवाज सोड. हे जावयाला पाठ होतं. ऑफिसात नव्या पोरांना तो हेच बजावायचा, वर्दी आल्याशिवाय काही आलं असं समजायचं नाही. इथेही त्याने तसंच केलं होतं. चित्र येईपर्यंत एक चाक फिरायचं.

त्या चाकाचाच सासूबाईंना राग यायचा. त्या पडद्यावर बोट आपटायच्या. बेबी म्हणाली, "अरे, तेवढं चाक काढ ना. आई वैतागते, आणि मग दिवसभर मी ऐकते."

त्याने काढलं. चाक गेलं, चाकाबरोबर वाट बघणंही गेलं. आवाज हलका, तो आला की लगेच वाजायचा, चित्र मागून येऊ दे. मधल्या वेळात पडदा कोरा दिसायला नको म्हणून जुनं चित्र तसंच राहू दिलं. पुढच्या खोलीत, नेटच्या डब्याला खेटून बसून त्याने तपासलं. आवाज आणि चित्र एकदमच आले. त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मागच्या खोलीत पोचेपर्यंत नेट धापा टाकायचं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

सुरुवातीला सासूबाई टॅबलेट लोटून द्यायच्या. मान हलवायच्या. "नाही, नाही." बेबी शेजारच्या स्वयंपाकघरात कामात असायची, तिथून ओरडायची, "आई, म्हण गं." एकदा ऑफिसला निघताना जावयानेही बुटाची नाडी बांधता बांधता दारातून सांगितलं, "आई, यंत्र चुकत नाही. ते सांगतं तेवढं फक्त म्हणा." मग एक दिवस त्या मुकाट म्हणायला लागल्या. चला, रुळल्या, असं वाटून त्याला आनंद झाला.

आणि शब्द खरंच यायला लागले. पण कसे? वारा येतोय म्हणून खिडकीकडे बोट दाखवून "चप्पल" म्हणायच्या. जावयाला बघून "बादली". त्यावर दोघं पोट धरून हसली. दादा भेटायला आला, त्याला "बेबी" म्हणाल्या, तेव्हा हसू कमी झालं. आणि एका दुपारी बेबी त्यांचे केस विंचरत होती, तर तिच्याकडे वळून, तिचा गाल कुरवाळत, अगदी मायेनं म्हणाल्या, "जावई."

बेबी त्या दिवशी जेवली नाही.

व्यायामाची बाई म्हणाली, शब्द येतायत पण जागेवर बसत नाहीत, फार आशा ठेवू नका. दादाचं तर आधीपासून म्हणणं होतंच की अशा आजाऱ्यांना ठेवून घेणाऱ्या संस्थेत आईला हलवू. बेबी आजवर ऐकून घेत नव्हती. आता म्हणाली, "ने. मला ओळखतच नाही, तर इथे काय आणि तिथे काय." दादाने गाडी ठरवली. शनिवारी सकाळी येणार होती.

शुक्रवारी जावयाने रजा टाकली, सामान बांधायला. मागच्या खोलीतल्या खुर्चीवर बॅग उघडी पडलेली, म्हणून तो घड्या घालायला पलंगावरच बसला, सासूबाईंच्या पाठीमागे. त्यांचा व्यायाम चालू होता. टॅबलेट नेहमी त्यांच्या तोंडासमोर, बाकीच्यांना नुसता आवाज. त्यांच्या खांद्यावरून पडदा दिसायची त्याची ही पहिलीच वेळ.

पडद्यावर बादली होती. बेबीचा आवाज म्हणाला, "चमचा." सासूबाई म्हणाल्या, "चमचा," आणि पुढचं बटण दाबलं. तेवढ्यात चमचा उगवला. आवाज म्हणाला, "खिडकी." सासूबाई चमच्याकडे बघत म्हणाल्या, "खिडकी."

जावयाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. शेवटपर्यंत बघायची त्याची हिंमत नव्हती, तरी बघितलं. दादाचा फोटो, "बेबी". बेबीचा फोटो, आणि बेबीचाच आवाज, "जावई". मग त्याचा स्वतःचा हसरा फोटो, आणि यादी परत पहिल्यापासून, "बादली".

त्याने टॅबलेट बंद केला. खिडकीकडे बोट केलं. "आई, हे काय?"

"चप्पल."

चपलेकडे केलं. "दिवा."

एकही चुकलं नाही. ज्या बाईला शिकता येत नाही म्हणून उद्या घराबाहेर काढायचं होतं, ती त्याने शिकवलेलं सगळं पहिल्या नंबराने शिकली होती. आणि शिकायच्या आधी, बरोबर असलेला एकुलता एक शब्द वापरून रोज सांगत होती की हे चूक आहे. तिला त्याने सांगितलं होतं, यंत्र चुकत नाही.

त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या पोटात एक भुरटा विचारही आला. प्रोग्रामच्या दोन ओळी बदलायच्या. तिथे गेल्यावर आई हळूहळू सुधारतील, सगळे म्हणतील चमत्कार झाला, आणि आपण मूग गिळून बसायचं. हा विचार त्याने लगेच झटकला असं म्हणायला आवडलं असतं. नाही झटकला. उरलेल्या सगळ्या कपड्यांच्या घड्या होईपर्यंत तो त्याच्यापाशीच होता. तो शेवटचा कपडा बॅगेत ठेवत होता, तेव्हा सासूबाईंनी मागे वळून बघितलं. त्या बॅगेकडे बघत होत्या, आणि कुठे जायचंय हे त्यांना नीट कळत होतं.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. बेबी औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत भरत होती.

"गाडी नको म्हणून सांग," तो म्हणाला. आणि मग सगळं सांगितलं. चाक, वर्दी, मागून येणारं चित्र. नीट सांगता येईना, तेव्हा टॅबलेट आणून मागच्या खोलीच्या दारात धरून दाखवला. तिच्या फोटोसमोर तिचाच आवाज "जावई" म्हणाला.

"म्हणजे ती मला..."

"पहिल्या दिवसापासून ओळखतात. तुलाच हाक मारत होत्या."

तो शिव्यांची वाट बघत होता. तिने फोन त्याच्यापुढे सरकवला. "दादाला तूच सांग."

दादाने ऐकून घेतलं. म्हणाला, "तुमच्या कंपनीच्या असल्याच पुस्तकांवरून पोरं शिकतात ना हो?" आणि गाडी रद्द करतो म्हणाला. जावयाने फोन ठेवला. छातीवरचं ओझं उतरेल असं त्याला वाटलं होतं, आणि खोटं कशाला बोला, थोडं उतरलंही. तेवढ्यात त्याचं बेबीकडे लक्ष गेलं. ती उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून बसली होती.

"ती लोटून द्यायची ना रोज," बेबी म्हणाली. "नाही नाही करायची. तू ऑफिसात होतास. मी दमले होते रे. मी आत गेले आणि तिच्या हातावर फटका मारला. जोरात. त्यानंतर ती गुमान म्हणायला लागली."

रुळल्या म्हणून तो खूश झाला होता, तोच तो दिवस.

"चूक माझी होती," तो म्हणाला.

"ती तुझीच." तिने डोळे पुसले नाहीत. "मी आत्ता जाऊन माफी मागितली तर तिला समजेल?"

"समजेल. सगळं समजतं त्यांना."

"आणि ती जे उत्तर देईल, ते मला कसं समजणार?"

बेबी उठली आणि मागच्या खोलीत गेली.