मासेलिनाच्या घरी मुक्कामाला आलेलं मेज

मासेलिनाला नको तिथे हसू यायचं. मयताला यायचं, लग्नात शपथा चालू असताना यायचं, आणि बेटावर संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला की मग तर हमखास. लहानपणी आईने खराट्याच्या काड्यांनी झोडपून पाहिलं. आता ती स्वतः आजी झाली, तरी हसू काही जात नव्हतं. रविवारी चर्चमध्ये ती खांबाआड बसायची आणि वेळ आली की विणलेल्या पंख्याने तोंड झाकायची.

त्या रविवारी मात्र पंख्याची गरज पडली नाही. पाळक इओपुंनी उज्जाची गोष्ट काढली. दावीद राजा कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पेटी, नव्या गाडीवर घालून वाजतगाजत नेत होता. वाटेत बैल बुजले, कोश कलंडला, उज्जाने सावरायला हात लावला आणि तो जागच्या जागी मेला.

"हेतू चांगलाच होता त्याचा," पाळक म्हणाले. "पण पवित्र ते पवित्र."

मासेलिनाच्या हातावर काटा आला.

गोष्टीला निमित्त होतं. गावाचं नवं चर्च बांधून झालं होतं आणि जुन्यातलं प्रभुभोजनाचं मेज शनिवारी तिकडे न्यायचं होतं. पणजोबांच्या पिढीने काळ्या लाकडातून घडवलेलं ते मेज. डीकनांखेरीज, म्हणजे चर्चच्या नेमलेल्या सेवकांखेरीज, त्याला कुणी बोट लावायचं नाही, असा रिवाज. थोरले डीकन तोफिगा म्हणजे मासेलिनाच्या नणंदेचे, आसेनातीचे यजमान. त्यांनी नुकतीच लाल पिकअप घेतली होती.

"खांदे कशाला मोडून घ्यायचे? गाडी आहे ना!" ते म्हणाले.

शनिवारी सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत बाहेर पडलं. पुढे पिकअप, स्टिअरिंगवर तोफिगा, मागे गाणाऱ्या बायका, आणि बायकांत सगळ्यात पुढे मासेलिना, कारण आवाज तिचा मोठा. तिच्याच घरासमोर एक डुकरीण पिलावळ घेऊन आडवी आली. तोफिगांनी करकचून ब्रेक मारला, मग गोंधळून गाडी एकदम पुढे घेतली. दोर सुटला, मेज मागे घसरलं, आणि मासेलिनाने दोन्ही हात आणि पोट लावून ते अडवलं.

गाणं तुटलं.

"उज्जा…" कुणीतरी पुटपुटलं.

"अगं वहिनी, काय करून बसलीस हे!" आसेनाती किंचाळली.

"वन्सं, धरू की सोडू ते सांगा!"

सोडलं तर मेज फुटणार, धरलं तर आपण संपणार. मासेलिनाने डोळे मिटले. मनातल्या मनात नातवंडांची नावं घेतली, नवऱ्याला माफ केलं, नणंदेला जवळजवळ माफ केलं. काही होईना. नाकावरून घाम तेवढा ओघळला. मग पोटातून, मेजाला टेकलेल्या त्याच पोटातून, हसू वर यायला लागलं.

"देवा, काय ते लवकर कर रे," ती कशीबशी म्हणाली, "हात भरून आलेत!"

आणि ती फुटलीच. तिच्याबरोबर मेज गदगदायला लागलं. आधी म्हाताऱ्या हसल्या, मग सगळ्या बायका, आणि डीकन तेवढे आकाशाकडे बघत चार पावलं मागे सरकले.

"मी आता त्याला हात लावणार नाही," तोफिगा म्हणाले. "गाडीतही नको."

पाळकांनी कपाळ पुसलं. "दावीदही असाच घाबरला होता. त्याने कोश वाटेतच ओबेद-अदोमाच्या घरी ठेवला."

सगळ्यांच्या माना मासेलिनाच्या घराकडे वळल्या.

पाळक, मासेलिना आणि तिचा नवरा फेरेती अशा तिघांनी मेज आत नेलं. फेरेती आणि तोफिगा यांचं जमिनीच्या बांधावरून जुनं वाकडं होतं, त्यामुळे फेरेती कित्येक वर्षं चर्चची पायरी चढला नव्हता. आता चर्चच घरात येऊन बसलं.

"जिवंत आहेस ना गं?" त्याने दुपारी विचारलं.

"आहे की."

"मग वाढ."

मासेलिना पालुसामी, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, वाढायला उठली. मेजाजवळून जाताना पाय आपोआप हळू पडले. तिने हात धुतले, केस बांधले, आणि नुसतीच उभी राहिली. तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

मग घराचं रूपच पालटलं. नातवंडं कुजबुजत भांडायला लागली. फेरेती शिवी अर्ध्यात गिळायचा आणि खोकल्याचं निमित्त करायचा. नीरफणस असा लगडला की शेजारी टोपल्या भरभरून न्यायला लागले. लोक प्रार्थनेला इकडेच यायचे, आणि फेरेती कोपऱ्यात बसून, कुणाचं लक्ष नाही असं बघून, खालच्या पट्टीत गायचा.

आसेनाती रोज तपासणीला यायची. "आमच्याकडे न्यावं म्हणते. तुमचं घर नुसतं खांबांवर उभं, चारी बाजूंनी उघडं, वारा लागतो मेजाला."

"वन्सं, तुमच्या यजमानांना विचारा, हात लावतील का!"

अखेर पाळक एका रविवारी म्हणाले, "पुढचं मी सांगितलंच नव्हतं. कोश गाडीवर घालायचाच नसतो. देवसेवेच्या कुळातल्या लेव्यांनी खांद्यावर वाहायचा, असा नेम होता. दुसऱ्या वेळी दावीदाने तसाच नेला आणि पुढे नाचत गेला."

"मग मी कशी नाही मेले?" मासेलिनाने खांबाआडून विचारलं.

"ते मला नाही ठाऊक, बाई. माझ्या हातात नाही ते."

दुसऱ्या दिवशी तोफिगा पायी आले. फेरेतीसमोर मांडी घालून, मान खाली घालून बसले. "खांदा कमी पडतोय," म्हणाले. फेरेतीने बराच वेळ वाट बघायला लावली, मग उठून बांबू आणायला गेला.

मेज निघालं. पुढच्या बांबूला एका बाजूला फेरेती, दुसऱ्या बाजूला तोफिगा. मासेलिना सगळ्यांपुढे नाचत होती, हसत होती, रडतही होती, आणि तोंड झाकायला नाचातले तिचे हात मोकळे नव्हते. पाळकीणबाईंना भराभर चालतानाही कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चपला काढून आसेनातीच्या हातात दिल्या आणि फेर धरला. आसेनाती क्षणभर चपलांकडे बघत राहिली, मग त्याच एकमेकींवर वाजवत ताल द्यायला लागली.

नव्या चर्चच्या दारात मेज अडलं. दार अरुंद निघालं.

"तिरकं घ्या, भाऊजी!" फेरेती ओरडला.

"तुझ्या बाजूने उचल आधी!"

"उचललंय की! तुमचंच पोट आडवं येतंय!"

तोफिगांनी खाली बघितलं, खरंच पोटच होतं. त्यांनी श्वास आत ओढला, पोट आत घेतलं, आणि प्रभूचं मेज घासटत, डुलत, गाण्याच्या गजरात आत गेलं.